पुस्तक मिटलं, की अभ्यास सुरू!

जानेवारी उजाडला की आमच्या मोशीतल्या बिल्डिंगमध्ये कुणाच्या घरी दहावी आहे आणि कुणाच्या घरी बारावी, हे विचारावं लागत नाही. त्या घरातला टीव्ही बंद असतो, मोबाइल कपाटात कुलूपबंद असतो आणि घरातल्या बाईचा आवाज नेहमीपेक्षा दोन पट्ट्या वर चढलेला असतो. "बस अभ्यासाला!" हे वाक्य तर जिन्यात उभं राहिलं तरी चार घरांतून ऐकू येतं.

गेल्या वर्षीच्या, म्हणजे २०२५ च्या जानेवारीतली गोष्ट. रात्री साडेनऊला दार वाजलं. समोरच्या खोलीतली बाई उभी होती. कुटुंब मूळचं मराठवाड्यातलं. नवरा चाकणला एका कंपनीत कंत्राटावर, तीन पाळ्यांत. ती स्वतः कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चपात्या करते. हातात लेकीच्या पूर्वपरीक्षेचे पेपर होते. गणित भाग एकमध्ये ४० पैकी ११, विज्ञान भाग दोनमध्ये १३.

"ताई, ही पोरगी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागती हो. पुस्तकातनं डोकं वर काढीना. मग हे असं कसं झालं?" आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "हे म्हणतात, एवढं जागून एवढेच मार्क पडणार असतील तर कशाला उगाच? परीक्षा झाली की पॅकिंगला लावून देऊ कुठंतरी."

मैत्रिणींनो, ही धमकी नव्हती बरं का. आपल्या पट्ट्यात पॅकिंगचं काम लगेच मिळतं, आणि घरात येणारे आठ-दहा हजार कुणाला नको असतात? पण एकदा त्या कामाला लागलेली मुलगी पुन्हा शाळेच्या वाटेला फारशी येत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

मी मुलीला पुस्तक घेऊन बोलावलं. विज्ञानाचं पुस्तक उघडलं तर काय, प्रत्येक पान पिवळ्या-गुलाबी पेनाने रंगलेलं! पहिलाच धडा, 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. म्हटलं, वाच. तिनं न अडखळता पानभर वाचलं. मग मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "आता काय वाचलंस ते सांग." ती माझ्याकडे पाहत राहिली. दोन वाक्यं कशीबशी बोलली आणि डोळ्यांत पाणी. "काकू, आत्ता तर येत होतं!"

खरी गोम इथेच होती.

डोळ्यांखालून गेलं म्हणजे डोक्यात गेलं?

खरं सांगायचं तर त्या मुलीला काही म्हणायचा मला अधिकार नव्हता. माझ्या मुलाच्या दहावीला मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "मोठ्यानं वाच, मला ऐकू आलं पाहिजे!" त्याचा आवाज थांबला की अभ्यास थांबला, असा माझा हिशोब. किती तास बसला, कितीदा वाचलं, हेच मोजत होते. त्याला किती आठवतंय, हे मी कधी विचारलंच नाही.

पुन्हा पुन्हा वाचलं की मजकूर ओळखीचा होतो. ओळखीचा झाला की येतो असं वाटतं. रोज जिन्यात दिसणाऱ्या माणसाचं तसंच नाही का? चेहरा पाहिला की ओळखतो, पण नाव विचारलं की अडतो. परीक्षेत चेहरा समोर नसतो, नाव मात्र लिहायचं असतं.

यावर चांगलं संशोधन झालेलं आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या मुलांना एक उतारा दिला. काहींनी तो दुसऱ्यांदा वाचला. काहींनी एकदाच वाचला आणि मग कागद बाजूला ठेवून जे आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. त्यांना ८१ टक्के आठवत होतं, दुसऱ्यांना ७५ टक्के. पण आठवड्यानंतर चित्र पालटलं. पुन्हा वाचणाऱ्यांजवळ ४२ टक्के उरलं होतं आणि न बघता आठवणाऱ्यांजवळ ५६ टक्के.

म्हणजे बघा, नुसतं वाचण्याचा फायदा लगेच दिसतो, म्हणून आपण फसतो. आणि आठवताना अडखळायला होतं, त्रास होतो, म्हणून मुलं ते टाळतात. २०१३ मध्ये डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. पुन्हा पुन्हा वाचणं आणि ओळी रंगवणं, या दोन्ही पद्धती कमी उपयोगाच्या ठरल्या. सगळ्यात वर आल्या दोन : स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास थोडा थोडा, दिवसांच्या अंतराने करणं.

हे सगळं मी घरी सांगितलं तर आमचे हे हसले. त्यांची भोसरीतल्या वर्कशॉपमध्ये क्वालिटीत वीस वर्षं गेली आहेत. म्हणाले, "यात नवीन काय? जॉब पूर्ण झाल्यावर तपासला तर रिजेक्शनच हातात येणार. प्रत्येक ऑपरेशनला गेज लावावा लागतो." आपली मुलं मात्र गेज लावतात ते थेट बोर्डाच्या परीक्षेत!

आजीचा परवचा आणि जात्यावरची ओवी

हे विदेशी प्रयोग वाचताना मला आजीची आठवण आली. दिवेलागणीला शुभंकरोती झालं की तिच्या माहेरी सगळ्या मुलांना ओळीने बसवून परवचा म्हणायला लावत. पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. हातात पुस्तक नाही की पाटी नाही. चुकलं की वडीलधारी व्यक्ती तिथेच थांबवून दुरुस्त करणार, आणि उद्या पुन्हा तेच. न बघता आठवणं, लगेच दुरुस्ती आणि रोज थोडं थोडं. संशोधकांना जे सापडलं, ते आपल्या ओसरीवर होतं की!

आपण मात्र परवचा आणि घोकंपट्टी यांत गल्लत केली. घोकंपट्टीत पुस्तक समोर असतं आणि तोंड चालू असतं. परवच्यात पुस्तक नसतं, डोकं चालवावं लागतं. परवच्यातही उणीव होती. पावकी म्हणणाऱ्या किती मुलांना पाव म्हणजे चौथा हिस्सा हे कळत होतं, कोण जाणे. पण आठवण्याची पद्धत पक्की होती.

आणि बायकांच्या स्मरणशक्तीबद्दल कुणाला शंका असेल, तर त्यांनी जात्यावरच्या ओव्यांकडे बघावं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी मावळ-मुळशीच्या डोंगरी भागातून सुरुवात करून, शेकडो गावांतल्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. या ओव्या ज्यांनी सांगितल्या, त्यांतल्या कितीतरी जणींनी शाळेचं तोंडही पाहिलं नव्हतं. तरी शेकडो ओव्या तोंडपाठ. कशा? चाल होती, अर्थ स्वतःच्या जगण्यातला होता, आणि रोज पहाटे जात्यावर बसलं की त्या आठवूनच म्हणायच्या होत्या. तेव्हा "माझी बुद्धीच मंद आहे" असं एखादी मुलगी म्हणाली, तर तिला आधी तिच्या पणजीबद्दल सांगा.

किती पाठ करायचं, हाही प्रश्न आहे

२०१९ चा वाद आठवतो? बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस' बरोबर 'वीस एक', 'त्रेसष्ट' बरोबर 'साठ तीन' असं वाचन आलं आणि एकच गदारोळ झाला. मराठी भाषेचं वाटोळं होणार इथपर्यंत बोललं गेलं. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांचं म्हणणं साधं होतं. 'त्रेसष्ट' म्हणताना तीन आधी येतात, लिहिताना सहा आधी येतो. शिवाय जोडाक्षरं. लहान मुलं इथे अडखळतात आणि गणितालाच घाबरतात.

मला स्वतःला 'त्रेसष्ट' जायला नको असं वाटतं. कानाला गोड आहे, आणि बाजारात सगळे तेच बोलणार आहेत. पण मंगलाताईंचा मुद्दा मात्र मोलाचा होता. मुलाच्या डोक्यावर एका वेळी किती ओझं टाकायचं? जिथे समजून काम भागतं, तिथे पाठांतर कशाला? आणि जिथे पाठांतर लागतंच, तिथे त्याला आधार का द्यायचा नाही? इंद्रधनुष्याचे रंग आपण 'तानापिहिनिपाजा' म्हणत शिकलोच ना? कोणत्या महिन्याचे दिवस ३१, हे मुठीच्या उंचवट्यांवर मोजलंच ना? अशा खुंट्या जरूर वापराव्यात. फक्त एक लक्षात ठेवायचं : खुंटीवर यादी टांगता येते. इंद्रधनुष्य का पडतं, हे मात्र समजूनच घ्यावं लागतं.

आईला येत नसलं तरी

परत आमच्या मुलीकडे येते. परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू होणार होती. हातात सहा आठवडे. क्लास लावायला पैसे नाहीत. घर एका खोलीचं. वडील रात्रपाळीला असले की दिवसा झोपलेले, म्हणजे मोठ्याने बोलायची सोय नाही. आणि पाणी दिवसाआड. नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवडमध्ये पाणी असंच येतंय, त्यामुळे पाण्याच्या दिवशी हंडे-बादल्या भरायला हीच. आता अशा घरात 'शांत जागी, ठराविक वेळी अभ्यास करावा' असं कुणी सांगितलं तर हसावं की रडावं?

म्हणून आम्ही जमेल तेच ठरवलं.

पहिलं, वाचन एकदाच, पण सावकाश. मग पुस्तक मिटायचं आणि एका बाजूने कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भरायचं. आवाज नको, म्हणून वडिलांची झोपही मोडत नव्हती. दुसऱ्या दिवशी आधी ते लाल रंगातलं आठवायचं.

दुसरं, तीन डबे. चहा-साखरेचे रिकामे प्लॅस्टिकचे. सूत्रं, व्याख्या, सनावळ्या यांच्या चिठ्ठ्या केल्या, एका बाजूला प्रश्न आणि मागे उत्तर. पहिल्या डब्यातल्या चिठ्ठ्या रोज. उत्तर आलं की चिठ्ठी दुसऱ्या डब्यात, तो तीन दिवसांनी उघडायचा. तिथेही आलं की तिसऱ्यात, तो आठवड्याने. चुकलं की चिठ्ठी परत पहिल्या डब्यात. ही युक्ती सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये पुस्तकात मांडली होती. विसरण्याचा अभ्यास तर त्याहून जुना. जर्मनीच्या हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं, की निरर्थक अक्षरं पाठ केली तर तासाभरातच निम्म्याहून अधिक मेहनत वाया जाते. अर्थ लागलेली गोष्ट इतक्या लवकर जात नाही, पण जातेच. विसरायच्या बेतात असताना आठवली, की जास्त टिकते. म्हणून हे अंतर.

तिसरं, गणितं मिसळून. ती 'महत्त्वमापन' घ्यायची की एकसारखी दहा गणितं सोडवायची. पहिलं सुटलं की उरलेली नऊ त्याच वाटेने. परीक्षेत मात्र कोणतं सूत्र वापरायचं हे कुणी सांगत नाही! अमेरिकेतल्या रोहरर आणि टेलर यांनी २००७ मध्ये घनाकृतींच्या घनफळांवरच प्रयोग केला. एकेका प्रकारची गणितं सलग सोडवणारे सरावात पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांची २० टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळून सोडवणाऱ्यांची ६३ टक्के. आम्ही काय केलं, तर वेगवेगळ्या धड्यांतली गणितं चिठ्ठ्यांवर लिहून वाटीत घातली. हाताला येईल ते सोडवायचं. दर गुरुवारी आमच्या ह्यांना सुट्टी, म्हणून आठवड्याची उजळणी गुरुवारी संध्याकाळी त्यांच्याकडे.

आणि चौथं, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. तिची आई पाचवीपर्यंत शिकलेली. "मला काय कळतंय त्यातलं?" हे तिचं पालुपद. मी म्हटलं, तुला कळत नाही हेच बरं. तू भाकरी करताना तिला म्हणायचं, मला शिकव. ती नुसतं "उत्परिवर्तन म्हणजे जनुकातला बदल" म्हणाली, की तू विचारायचं, "म्हणजे काय गं?" जिथे मुलगी अडेल, तिथे तिला समजलेलं नाही. चिठ्ठीमागचं उत्तर ताडून बघण्याइतकं वाचायला तर तुला येतंय! चार दिवसांनी ती बाई मला जिन्यात भेटली. म्हणाली, "ताई, काल तिनं मला रक्ताची तपासणी समजावली. माझं हिमोग्लोबिन का कमी भरतंय ते आत्ता कळालं."

पाचवी गोष्ट ऐकून ती मायलेकींची जोडी चकितच झाली. रात्री अकराला दिवा बंद! जागून वाचलेलं पक्कं व्हायला झोपच लागते. दिवसभरात शिकलेलं मेंदू झोपेत बसवत असतो. लहान मुलांची झोप होत नाही, याची चर्चा झाल्यावर राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला. त्यावरही बसवाले आणि दोन सत्रांत भरणाऱ्या शाळा यांच्या अडचणी पुढे आल्याच. पण दहावीच्या मुलीला झोप कमी लागते असं कुणी सांगितलं?

हे आताच का बोलायचं?

कारण परीक्षा आता लवकर सुरू होते. आपल्याकडे २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीलाही वार्षिक परीक्षा आली. नापास झालं तर जूनमध्ये पुन्हा संधी, त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात. म्हणजे दहा वर्षांच्या पोराच्या आईलाही धास्ती. ही धास्ती क्लासवाल्यांना बरोबर कळते. १६ वर्षांखालच्या मुलांना कोचिंग क्लासमध्ये घेऊ नये, अशा सूचना केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये काढल्या. आपापल्या गल्लीतले फलक बघा आणि तुम्हीच ठरवा. दुसरीकडे २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. पूर्वी पिंपरी-चिंचवडपुरती असलेली यादी आता चाकण, राजगुरुनगरच्या मुलींनाही लागू. यादीत टक्केच बोलतात, वडील रात्रपाळीला होते हे यादीला कळत नाही.

म्हणून मला वाटतं, अभ्यास कसा करायचा हे शाळेनेच शिकवायला हवं. आपण मुलांना "अभ्यास कर" हे हजारदा सांगतो, "कसा कर" हे एकदाही नाही. पालक सभेत आपण मार्कांवर भांडतो. त्याऐवजी आपण विचारू या, की आठवड्याला दहा मिनिटांची, मार्क न मोजणारी छोटी चाचणी घ्याल का? जुन्या धड्यांवरचे दोन प्रश्न रोज फळ्यावर लिहाल का? संध्याकाळी शाळेचा एक वर्ग दहावीच्या मुलींना बसायला उघडा ठेवाल का? आपल्याकडच्या अभ्यासिकांत बहुतेक स्पर्धा परीक्षांचीच मुलं दिसतात. एका खोलीत राहणाऱ्या दहावीच्या मुलीने कुठे बसायचं?

आणि हेही खरं, की पद्धत म्हणजे जादू नव्हे. पाया कच्चा असेल तर सहा आठवड्यांत सगळं भरून निघत नाही. आमच्या मुलीचे सगळे धडे झालेच नाहीत. त्रिकोणमिती राहिली ती राहिलीच.

१३ मे २०२५ ला निकाल लागला. राज्याचा निकाल ९४.१० टक्के, मुलींचा ९६.१४. या मोठ्या आकड्यांत आमची मुलगी ६१ टक्क्यांनी होती. गणितात ५२. कुणी फोटो छापावा असे हे मार्क नाहीत. पण त्या रात्री दुसरी पाळी संपवून कंपनीच्या बसमधून उतरलेले तिचे वडील घरी जायच्या आधी आमच्या दारात थांबले. साडेबारा वाजून गेले होते. म्हणाले, "ताई, मुलींच्या आयटीआयचा फॉर्म कुठं भरायचा असतो?"

ती आता इलेक्ट्रिशियनचं शिकते आहे. तिन्ही डबे धाकट्या भावाकडे गेलेत. तो पाचवीत आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, आज रात्री एवढंच करून बघा. मूल अभ्यासाला बसलं की "किती वेळ झाला?" असं विचारू नका. पुस्तक मिटायला लावा, पोळी लाटता लाटता म्हणा, "आता मला सांग." पहिले चार दिवस ते चिडेल, अडखळेल. अडखळू द्या. आठवायला लागणारा तो वेळ, तोच अभ्यास असतो.